उपक्रम भरपूर झाले, तरी मुलांना येत का नाही? तिसरीच्या वर्गाबद्दल

तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच तिसरीचा वर्ग हातात आला. सहामाहीपर्यंत चाळीसच्या आसपास उपक्रम घेतले: मातीकाम, बिया रुजवणं, कागदाची घड्याळं, पानांचे ठसे, दुकान-दुकान. मुलं खूश आहेत, पालक फोटो बघून खूश आहेत. पण तोंडी चाचणीत ‘रोपाला वाढायला काय काय लागतं?’ असं विचारल्यावर निम्मा वर्ग गप्प बसला आणि स्वतःच्या हाताने घड्याळ बनवलेल्या मुलांना त्याच घड्याळात पावणेचार दाखवता आले नाहीत. आता तुमचे दोन प्रश्न आहेत. उपक्रम अजून कमी पडतायत का, आणि उरलेल्या सत्रासाठी यादी मिळेल का?

कमी पडत नाहीत, असं मला वाटतं. झाले तर जास्तच झालेत. मी तेवीस वर्षं तिसरी-चौथीला शिकवते आणि सुरुवातीची काही वर्षं माझ्याकडेही अगदी हेच चित्र होतं. म्हणून यादीकडे वळण्याआधी तुमच्याच घड्याळाच्या उपक्रमाकडे जरा नीट बघू. खरी अडचण तिथे स्पष्ट दिसते.

त्या तासाला मुलं चाळीस मिनिटं काय करत होती ते डोळ्यांसमोर आणा. गोल काढणं, तो वेडावाकडा न होता कापणं, आकडे सुबक लिहिणं, काटे टाचणीने बसवणं, टाचणी निसटली की पुन्हा बसवणं, रंगवणं. या सगळ्यात मूल विचार कशाचा करत होतं? कात्रीचा, गोंदाचा, रंगाचा. पावणेचार या गोष्टीचा विचार त्या चाळीस मिनिटांत एकदाही झाला नाही, कारण तो करायची वेळच आली नाही. मूल ज्याचा विचार करतं तेच त्याच्याजवळ उरतं. त्या दिवशी मुलं कापायला आणि चिकटवायला शिकली. तेही कामाचं आहे, पण तुम्हाला हवं होतं ते वेगळं होतं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ सालीच बजावून ठेवलं होतं की खरं शिक्षण अनुभवातून होतं, पण म्हणून प्रत्येक अनुभव सारखाच शिकवतो असं नाही. उपक्रम म्हटलं की आपण पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतो.

तेच घड्याळ आता असं वापरून बघा. मिनिटकाटा काढून टाका. फक्त तासकाटा ठेवा. तो तीन आणि चारच्या मध्ये, चारच्या अगदी जवळ नेऊन ठेवा आणि विचारा, ‘किती वाजले असतील?’ काही मुलं ‘चार’ म्हणतील. मग विचारायचं, ‘चार वाजून गेलेत की वाजायचेत?’ इथे वर्गात एकदम कुजबुज सुरू होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने काट्याच्या टोकावर बोट ठेवून सांगितलं होतं, ‘बाई, अजून पोचला नाहीये तो.’ पावणेचार म्हणजे काय हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि त्याच्या त्या वाक्यामुळे आणखी दहा जणांना कळलं. आपल्या भाषेची इथे एक खास अडचण आहे, ती लक्षात ठेवा. ‘सव्वातीन’, ‘साडेतीन’मध्ये तीन ऐकू येतात आणि तासकाटाही तीनच्या पुढेच असतो. पण ‘पावणेचार’मध्ये ऐकू येतात चार आणि काटा असतो चारच्या अलीकडे. मूल कानावर विश्वास ठेवून काटा चारच्या पुढे नेतं. त्यात दीड आणि अडीच हे दोन वेगळेच, त्यांना ‘साडे’ लागतच नाही. ही चूक दुर्लक्षामुळे होत नाही. मूल शब्द जसा ऐकतं तसाच वापरतं. एकाच काट्याचं घड्याळ आठवडाभर भिंतीवर ठेवलं आणि रोज दोन-तीनदा पाच मिनिटं विचारलं, तर मिनिटकाटा परत लावताना फार त्रास होत नाही.

म्हणजे उपक्रम निवडताना किंवा सुधारताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे करत असताना मुलाच्या डोक्यात काय चाललेलं असेल? त्याचं उत्तर ‘कात्री’ असेल तर उपक्रम बदलायचा, किंवा कापून ठेवलेले गोल हातात देऊन वेळ वाचवायचा.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. वर्गात वीस मुलं आहेत की पन्नास, मैदान आहे की नाही, एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात का, किती मुलं अजून अडखळत वाचतात, हे मला माहीत नाही. पन्नास मुलांत प्रत्येकाला साहित्य देण्याचा हट्ट धरू नका. जोड्यांनी किंवा चौघांच्या गटाने केलेलं काम बहुतेकदा चांगलंच होतं, कारण त्यात बोलावं लागतं. अडखळत वाचणारी मुलं जास्त असतील तर लेखी सूचना कमी ठेवा आणि नोंदी चित्रांत घ्या. खाली जे सांगते ते माझ्या छत्तीस मुलांच्या वर्गात, एका छोट्या मैदानाच्या जोरावर जमलेलं आहे.

सगळ्यांत आधी सावलीचा उपक्रम सांगते, कारण एक उपक्रम पूर्ण कसा दिसतो ते त्यात कळतं. अगदी साधा आहे. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला मुलांनी आपली सावली जमिनीवर खडूने आखायची. एवढंच केलं तर तो फोटो काढण्यापुरता उपक्रम होतो. मी पहिल्या वर्षी एवढंच केलं होतं, आणि वर चूक अशी केली की पावलांची आखणी घेतलीच नाही. बारा वाजता मुलं वाटेल तिथे, वाटेल त्या दिशेला तोंड करून उभी राहिली, त्यामुळे तुलना करायला काही उरलंच नाही. आता आधी पावलं आखून घेतो, त्यात नाव लिहितो आणि दिवसभर त्याच पावलांत उभं राहायचं.

नऊची सावली आखून झाली की वर्गात येऊन प्रत्येकाने वहीत एक चित्र काढायचं: बारा वाजता माझी सावली कुठे असेल आणि केवढी असेल? हे चित्र काढून घेतल्याशिवाय मी पुढे जातच नाही. दरवर्षी चित्रं साधारण तशीच येतात. बरीच मुलं सावली त्याच जागी पण आणखी लांब काढतात, कारण दिवस वाढतो तशी सावली वाढते असं त्यांना वाटतं. काही जण सावली काढतच नाहीत, ‘बाराला सावली नसते’ म्हणून. दोघं-तिघं दुसऱ्या बाजूला काढतात. कोणाचंच चित्र खोडायचं नाही आणि कोणाला शाबासकीही द्यायची नाही, नाहीतर बाकीचे ते बघून आपलं बदलतात.

बारा वाजता मैदानावर जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. ‘माझी पायाशी आली!’ ‘तुझी पण सरकली?’ स्वतः काढलेलं चित्र चुकलंय हे ज्याला दिसतं ते मूल उत्तर शोधायला लागतं. त्याच्या डोक्यात आता एक प्रश्न असतो, आणि तो त्याचा स्वतःचा असतो. अंदाज न घेता नेलेली मुलं सावली बघतात, आखतात आणि परत येतात. त्यांना त्यात नवल काहीच वाटत नाही.

मग मोजमाप. पट्टीने मोजायला वेळ फार जातो आणि तिसरीत निम्मी मुलं पट्टी शून्याऐवजी एकपासून धरतात (तो एक वेगळाच विषय आहे). म्हणून मी दोरा देते. सावलीच्या टोकापासून पावलांपर्यंत दोरा ताणायचा, कापायचा, वेळेची चिठ्ठी लावायची. तीनही दोरे वर्गात भिंतीवर एकाच उंचीवरून शेजारी-शेजारी लटकवायचे. लांब, आखूड, पुन्हा लांब. हा मुलांनी स्वतःच्या सावलीपासून केलेला आलेख आहे, आणि ‘आलेख’ हा शब्द उच्चारण्याआधीच त्यांना तो वाचता येतो. ‘अकरा वाजता दोरा केवढा आला असता?’ असं विचारलं की ती दोन दोऱ्यांच्या मधल्या जागेत हात धरून दाखवतात.

इथपर्यंत मुलांना काय होतं ते कळलं, का होतं ते नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी वर्गातच पडदे ओढून एक टॉर्च आणि टेबलावर उभी केलेली पेन्सिल घ्यायची. ‘पेन्सिलीची सावली आखूड करून दाखवा.’ टॉर्च मुलांच्या हातात द्यायचा. आधी मुलं टॉर्च जवळ-लांब नेऊन बघतात. मग कोणीतरी तो वर उचलतं आणि सावली आकसते. त्यानंतर ‘सूर्य बाराला कुठे होता?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. सूर्याकडे सरळ बघायचं नाही हे मात्र आदल्या दिवशी, मैदानावर जायच्या आधी आणि मैदानावर, असं तीनदा सांगायचं. सूर्य कुठे आहे ते सावलीच सांगते, तिच्या उलट बाजूला.

एका वर्षी दोन मुलींनी बारानंतरही मोजणं चालू ठेवलं आणि त्यांना दोरा बाराच्या दोऱ्यापेक्षाही आखूड आला. त्या तक्रार घेऊन आल्या की आपलं मोजणं चुकलं. चुकलं नव्हतं. घड्याळ मोठ्या प्रदेशाला एकच असतं, सूर्य मात्र प्रत्येक गावाला आपापल्या वेळेला सर्वांत उंच येतो. त्यामुळे घड्याळातले बारा आणि सर्वांत आखूड सावली बहुधा जुळत नाहीत. हे कारण तिसरीला पूर्ण समजेल असं नाही. पण आपल्या मोजण्यावर विश्वास ठेवायचा, हे त्या दोघींना नक्की समजलं. दोरे जपून ठेवा. वेगळ्या ऋतूत त्याच वेळी पुन्हा मोजलं की बाराचा दोरा बदललेला दिसतो आणि मग वर्गाला नवीन प्रश्न मिळतो.

यात चार गोष्टी झाल्या: आधी अंदाज, मग काम, मग त्यावर बोलणं आणि नोंद, आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा. तुमच्या चाळीस उपक्रमांत यातली दुसरीच गोष्ट झाली असावी, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. काम चाळीस मिनिटं आणि बोलणं पाच, असं असेल तर ते प्रमाण बदला. माझ्याकडे हल्ली साधारण निम्मं-निम्मं असतं.

बियांचा उपक्रम तुम्ही केलाच आहे, तो फक्त थोडा वळवायचा. सगळ्यांनी एकेका कपात बी लावलं, पाणी घातलं आणि सगळ्यांचं उगवलं, तर मुलं काय शिकणार? बी उगवतं, हे त्यांना आधीच माहीत होतं. तीन कप करा. पहिल्यात पाणी आणि उजेड, दुसऱ्यात पाणी पण अंधार, तिसऱ्यात उजेड पण पाणी नाही. एका कपात एकच गोष्ट बदलायची, हे मुलांकडूनच ठरवून घ्या. मूग घेतले तर दोन-तीन दिवसांत मोड दिसतात. अंधारातल्याला मोडच येणार नाहीत, असं बहुतेक मुलं ठामपणे सांगतात. येतात. बीमध्ये सुरुवातीपुरता साठा असतो, म्हणून रुजायला उजेड लागत नाही. पण आठवड्याभराने अंधारातलं रोप लांबलचक, लुळं आणि फिकट पिवळं दिसतं, तेव्हा ‘रुजायला काय लागतं’ आणि ‘वाढायला काय लागतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे मुलांना दिसतं. तुमच्या चाचणीतला प्रश्न हाच होता ना? गप्प बसलेल्या मुलांनी कदाचित यातला फरक कधी बघितलेलाच नसेल.

एकदा आमच्या कोरड्या कपातले मूग फुगले. सगळा वर्ग गोंधळला. शेवटी एका मुलीने हळूच सांगितलं की त्यांना तहान लागली असेल म्हणून तिने रोज थोडं पाणी घातलं होतं. मी तिला रागावले नाही. उलट तिने रोज किती पाणी घातलं ते आम्ही फळ्यावर लिहिलं आणि चौथा कप तयार झाला: थोडं पाणी. त्या वर्षीची सगळ्यांत चांगली नोंद त्याच कपाची आहे.

गणितात तिसरीची मुख्य अडचण म्हणजे हातच्याची वजाबाकी. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिणारी मुलं तुमच्याकडेही असतील. ती सातातून दोन वजा करतात, कारण मोठ्यातून लहान जातं हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं असतं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सगळेच वापरतात, तरी ही चूक जात नाही. का जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. ५२ काड्या दिल्या की मुलं सगळे गठ्ठे सोडतात, एकेक करत २७ बाजूला काढतात आणि उरलेल्या मोजून २५ सांगतात. उत्तर बरोबर, पण दशकाचा विचार कुठेच नाही. दहाचा गठ्ठा त्यांच्यासाठी फक्त रबर लावलेल्या काड्या असतो.

म्हणून मी आता वजाबाकी करायलाच लावत नाही, निदान पहिले दोन दिवस. उदाहरणांच्या चिठ्ठ्या देते, ५२ − २७, ५२ − २१, ६० − ८, ४७ − ३५, अशा वीसेक. चौघांनी मिळून त्यांचे दोनच ढीग करायचे: गठ्ठा सोडावा लागेल आणि गठ्ठा सोडावा लागणार नाही. उत्तर काढायचं नाही. चिठ्ठी कुठे ठेवायची यावर वाद झाला तर तेवढ्यापुरत्याच काड्या घ्यायच्या. हा उपक्रम दिसायला अगदी साधा आहे. फोटोत चार डोकी चिठ्ठ्यांवर वाकलेली दिसतील, बस. पण त्या अर्ध्या तासात मुलं ज्याचा विचार करतात ते म्हणजे नेमकं ‘एककात पुरेसे आहेत का?’ हेच. नंतर काड्या, मग काड्यांचं चित्र, मग आकडे, अशा क्रमाने जायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात कृती, चित्र आणि चिन्ह अशा याच तीन पायऱ्या मांडल्या. माझा अनुभव एवढाच की चित्राची पायरी घाईत गाळली जाते आणि मग काड्यांत येणारं मूल आकड्यांत अडकतं. शिवाय संख्यांची नावं. ‘बावन्न’ ऐकताना दोन आधी येतो, म्हणून २५ लिहिणारं मूल कच्चं आहे असं समजू नका. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकून ६९ लिहिणारंही तसंच. अशा मुलाला संख्या आधी गठ्ठ्यांत मांडायला सांगा, मग लिहायला. हातात पाच गठ्ठे आणि दोन सुट्या आल्या की लिहिताना सहसा चूक होत नाही.

मातीकामालाही एक छोटा प्रश्न जोडता येईल. दोन सारखे गोळे करायचे, तराजूत तोलून सारखे आहेत याची खात्री करायची, मग एक चपटा करायचा. ‘आता कोणता जड?’ स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारांचा जो अभ्यास केला त्यात दिसलं की पाणी किंवा माती आकार बदलली तरी तेवढीच राहते हे मुलांना साधारण सात-आठ वर्षांच्या सुमाराला पटतं, वजन तेवढंच राहतं हे नऊ-दहाच्या सुमाराला आणि घनफळाचं त्याहूनही उशिरा. तुमची मुलं आठ वर्षांची आहेत, म्हणजे वजनाच्या प्रश्नावर वर्ग दोन तट पडून भांडेल. भांडू द्या, मग तोला. घनफळाकडे मात्र इतक्यात जाऊ नका.

भाषेबद्दल थोडं. ‘सहलीचं वर्णन लिहा’ म्हटलं की छत्तीस वह्यांत शेवटचं वाक्य एकच असतं: ‘खूप मजा आली.’ कारण वाचणार फक्त बाई, आणि बाई तर सोबतच होत्या. सांगायचं कोणाला? फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तॅं फ्रेने यांनी १९२० च्या दशकात वर्गात छापखानाच आणला. मुलं स्वतःचं लिहिलेलं जुळवायची, छापायची आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवायची. आपल्याला एक मोठा कागद पुरतो. दर आठवड्याला वर्गाची बातमी, ती शेजारच्या वर्गाच्या भिंतीवर लावायची. एका मुलाने लिहिलं होतं, ‘वर्गात चिमणी आली. खूप मजा आली.’ मी त्याला दुसरीच्या एका मुलाला ते वाचून दाखवायला सांगितलं. त्या मुलाने विचारलं, ‘मग तिने काय केलं?’ दुसऱ्या खेपेला कागदावर होतं: ‘चिमणीने खिडकीच्या गजावर काडी ठेवली. ती पडली. तिने परत आणली. तीनदा पडली.’ लेखनाचं मी काहीच शिकवलं नव्हतं. ते त्याला वाचणाऱ्याच्या एका प्रश्नाने शिकवलं.

बोलण्याला वेळ द्या असं वर म्हटलं, त्यातली मुख्य अडचण आपण शिक्षकच असतो. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये निरीक्षणं केली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद वर्गासमोर उभं राहिल्यावर फार मोठे वाटतात. मी मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजते, अजूनही. आणि उत्तर आल्यावर ‘बरोबर’ न म्हणता ‘अजून कोणाला काय वाटतं?’ असं विचारते. बरोबर म्हटलं की विचार थांबतो.

नोंदवहीचं अवडंबर नको. प्रत्येक उपक्रमाला तीनच ओळी: मला काय वाटलं होतं, काय झालं, आता मला काय वाटतं. अंदाज चुकला तरी गुण कमी नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा. एकदा जरी चुकीच्या अंदाजावर लाल खूण केली तरी पुढे सगळे अंदाज शेजारच्या वहीतून येतात. घरून करून आणायचे प्रकल्प शक्यतो बंदच करा, ते बहुतेक पालक करतात.

पुन्हा एकदा करण्याचं महत्त्व वेगळं सांगते, कारण चाचणीतल्या शांततेचं अर्धं कारण तेच असावं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यांनी निरर्थक अक्षरं पाठ केली होती, अर्थ कळलेली गोष्ट जास्त टिकते हे खरं. तरी जुलैत एकदा केलेलं मूल ऑक्टोबरात सांगेल अशी अपेक्षा धरता येत नाही. माझी पद्धत अशी: दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मिनिटं, पुढच्या आठवड्यात एकदा, महिन्याने एकदा. वही बंद ठेवून विचारायचं, ‘सावलीचे दोरे आठवतात? मधला कसा होता? का?’ एवढंच. चाळीस उपक्रमांबरोबर हे शक्य नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. म्हणून माझा सल्ला पंधरवड्याला एक मोठा उपक्रम, बाकी रोजचे छोटे. पाच मिनिटांचं घड्याळ, चिठ्ठ्यांचे ढीग, भिंतीवरची बातमी.

शाळेला दर आठवड्याला उपक्रमाचा अहवाल हवा असेल तर तुमची अडचण मी समजू शकते. तेव्हा एकाच उपक्रमाचे टप्पे वेगवेगळ्या आठवड्यांत दाखवा. या आठवड्यात सावली आखली, पुढच्या आठवड्यात टॉर्च, त्याच्या पुढच्या आठवड्यात दोऱ्यांचा आलेख. खोटं काहीच नाही, आणि मुलांना एकाच गोष्टीत मुरायला वेळ मिळतो.

झालेले चाळीस उपक्रम वाया गेले असंही समजू नका. त्यांचे फोटो तुमच्याकडे आहेत. त्यातले चारच निवडा, मोठे छापून घ्या किंवा पडद्यावर दाखवा. मुलांना विचारा, ‘इथे आपण काय करत होतो?’ हात भराभर वर येतील. मग विचारा, ‘आणि आपल्याला काय शोधायचं होतं?’ ज्या फोटोवर वर्ग गप्प होईल, तो उपक्रम बाजूला काढा. सोमवारी तोच पुन्हा घ्या, या वेळी अंदाजाचं चित्र आधी काढून.